वर्षाची साठवण, महिन्याची यादी आणि ॲपवरची कूपनं: तुमचा हिशेब कसा बसतो?

शेवग्याची_शेंग (छत्रपती संभाजीनगर)

मार्च तोंडावर आलाय, म्हणून धागा आत्ताच काढते. आम्ही चौघं, सिडकोत भाड्याचा फ्लॅट. किराणा पूर्वी पाच हजारांच्या आत बसायचा, आता सात-साडेसातला जातो, आणि त्यात दूध-भाजी धरलेली नाही. सासूबाई जिंतूरकडच्या. त्यांचं म्हणणं, वर्षाचं एकदा भरून टाका, दुकानाची पायरी चढू नका. नवऱ्याचा जीव मोबाइलमध्ये: इथं कूपन टाक, तिथं बँकेचं कार्ड लाव, कुठं एकावर एक. मला दोघांचंही थोडंथोडं पटतं, पण कुठली वस्तू कुठल्या वाटेनं घ्यायची ते ठरत नाही. "दोन्ही आपापल्या जागी बरोबर" असलं उत्तर कृपया नको. वस्तू धरून सांगा. जागा म्हणाल तर एक माळा आणि बाल्कनीचा कोपरा, बास.

आडतीवरचा_माणूस (लातूर)

ताई, ज्या मालाला मोसम आहे तिथं कूपनाचा विचारच करू नका. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत यायला लागते, हरभरा फेब्रुवारी-मार्चात, रब्बी ज्वारी पाडव्याच्या मागंपुढं, गहू तिच्या जोडीनं. आवक दणकून असते, शेतकऱ्याला पैशाची निकड असते, भाव तेव्हा बसलेला असतो. गौरी-गणपती ते दिवाळी डाळ सहसा वर जाते. दरवर्षी जातेच असं छातीठोक कुणी सांगू नये, आयात मोकळी झाली की भर सणात पडलेलीही बघितलीय. पण २०१५ ची दिवाळी आठवा, तूरडाळ किलोला दोनशेवर होती.

आता पाकिटाची गंमत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पोत्याला नाही आणि सुट्या मालालाही नाही. २६ आणि ३० किलोचे कट्टे बाजारात एवढे का दिसतात, त्याचं कारण हे. किलोकिलोचं पाकीट उचललं की पाकिटाचा खर्च, कंपनीच्या नावाचे पैसे आणि वर हे पाच टक्के, सगळं तुमच्या माथी. मग त्यातलेच दहा रुपये ॲप परत देतं आणि आपण खूश.

लातूरला डाळ मिला भरपूर. ३० किलोचा कट्टा तीन घरांनी मिळून घेतला तरी परवडतो. पॉलिश न केलेली मागा. दिसायला मळकट असते, वरणाला चव तिचीच. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वेळी जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळालं. नाव झालं की नावाचा भाव लागतो, आणि त्या नावाखाली भलताच माल विकणारेही निघतात. ओळखीचा शेतकरी असेल तरच त्या वाटेला जा.

कूपनबाज (वाळूज)

काका, मी कूपनवाला असून तुमच्याशी सहमत आहे, धान्याला मी ॲप लावतच नाही. पण साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट, शाम्पू, भांडी घासायची वडी, चहापत्ती, पॅड, डायपर, यांना मोसम कुठाय? कीड लागत नाही, बाराही महिने लागतात. कूपन इथंच चालवायचं आणि सूट खरोखर दणदणीत असली की तीन-चार महिन्यांचं एकदम उचलायचं.

सापळा कुठं असतो ते सांगतो. "९९९ च्या खरेदीवर १०० सूट." तुमची गरजेची यादी ८२० ची. माणूस वर १८० चे वेफर्स-बिस्किटं टाकतो. बिल हजार, सूट शंभर, भरले नऊशे. खिशातून ऐंशी जास्तच गेले आणि घरी येऊन सांगतो, शंभर वाचवले! अशा वेळी पुढच्या महिन्याचा साबण आत्ताच यादीत घ्यायचा. तेवढं काही लागणार नसेल तर कूपन सोडून द्यायचं.

पाकिटावर बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो. आधी तो वाचायचा, मग एमआरपी. फॅमिली पॅक दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही. तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरचा डबा भरतो साडेतेरा किलोच्या जरा वर, आणि शेजारी १५ किलोचा डबा ठेवलेला असतो. दोन्हींच्या किमतीत शंभराचा फरक दिसला की लोक पहिला उचलतात, पण तेल सव्वा किलोहूनही जास्त कमी असतं. पिशव्यांतही आता ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम असली वजनं आली आहेत. पिशवी मात्र तेवढीच फुगलेली.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, तूप-फरसाण १२ वरून ५ वर. "मोठी सूट" म्हणून दाखवतात ती जुन्या एमआरपीवरून मोजलेली नाही ना, हे तारीख वाचून बघायचं.

मपलं_मत (गेवराई)

मपलं मत इचाराल तर कूपनापरीस दुकानदाराची वही बरी. यादी फोनवर टाकली की सामान घरी, पैशे पगार झाल्यावर, ब्याज नाई. ॲपवाला थांबंल का महिनाभर? फकस्त वहीत मालासंगं भाव बी लिहून घ्या. उधारीच्या गिऱ्हाइकाला किलोमागं दोन-चार रुपये चढवून लावणारे बी हायेत.

अन् कूपनबाज भौ, डायपर चार महिन्याचे कामून भरायलाव? लेकरू वाढायलंय!

कूपनबाज (वाळूज)

😂 डायपर यादीतून बाद.

कोठीघर (अंबाजोगाई)

शेवग्याची शेंग, बाळा, आधी किती लागतं ते काढ. दोन्ही वेळ भाकरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला पाव किलो पीठ धरलं तर वर्षाला नव्वद किलो ज्वारी. तुमच्याकडं एक वेळ भाकरी आणि एक वेळ पोळी असणार, लेकरं लहान. दीड क्विंटल ज्वारी पुरून उरेल. लोक इथंच चुकतात. गावाकडचं माप शहरातल्या घराला लावतात आणि पुढच्या पाडव्याला भुंगे झाडत बसतात.

काय भरायचं? ज्वारी, गहू, तूरडाळ, हरभराडाळ. चिंच, फेब्रुवारी ते एप्रिलात, चिंचोके काढून मीठ लावून गोळे करून. लसूण मार्च-एप्रिलात जुड्यांनी घेऊन वाऱ्याला टांगायचा. २०२४ मध्ये चारशे रुपये किलो झाला होता ते विसरला नसाल. शेंगा भरायच्या त्या टरफलासकट, दाणे नाही. दाणे आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली महिन्या-दोन महिन्यांत खवट होतात. तांदूळ दोन महिन्यांच्या वर ठेवू नये, सोंडे ठेवलेलेच. रवा, बेसन, मैदा यांची साठवण कुणी करू नये, लागेल तसं आणावं. गूळ थंडीत घ्यावा, पण पावसाळ्यात पाघळतो, म्हणून चार महिन्यांपुरताच.

भरायची रीत सांगते, कारण सगळं राहिलं-गेलं तिथंच ठरतं. ज्वारी घेताना चार दाणे दाताखाली घ्या. वाळलेला दाणा कट्टकन फुटतो. ओलसर असला तर दात नुसता रुततो. तसली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. घरी आणल्यावर चाळून गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हं द्या. आणि मग, हे बायका विसरतात, रात्रभर गार होऊ द्या. तापलेलं धान्य तसंच कोठीत कोंबलं की आत घाम धरतो आणि त्या ओलीवर कीड येते. तळाला, मध्ये आणि वर सावलीत वाळवलेला निंबाचा पाला. कोठी शिगोशीग भरा, वर मोकळी हवा जितकी कमी तितकं बरं. कोठी भिंतीला लावायची नाही आणि फरशीवर टेकवायची नाही, खाली फळी किंवा विटा. महिन्याचं धान्य एकदाच काढून वेगळ्या डब्यात घ्या. आषाढ-श्रावणात रोज झाकण उघडलं तर निंब काय करणार?

डाळीला दहा किलोला दोन-तीन चमचे एरंडेल हातानं चोळून ठेवतात. दाण्यावर तेलाचा हात असला की भुंग्याला अंडी घालता येत नाहीत. अख्खी तूर, हरभरा, मूग यांना भुंगा जास्त लागतो, डाळ केलेली असली की कमी. म्हणून शहरात अख्खं कडधान्य थोडं आणि डाळ जास्त ठेवावी.

सासूबाईंचं म्हणाल, तर बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो (बाहेरच्या देशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी खाल्लेल्यांच्या घरात वाढलेल्या बाईला रिकामी कोठी बघवत नाही. त्यात हिशेबापेक्षा धास्ती जास्त आहे, हे खरं. पण ती काही उगाच आलेली नाही.

पिंपळपान (नांदेड)

काकू, मस्त माहिती. दुकानात त्या गोळ्या मिळतात ना, फडक्यात गुंडाळून पोत्यात ठेवतात? त्या टाकल्या तर पाला-बिला लागणारच नाही. फ्लॅटमध्ये चालतील का?

शेतकी_परभणी

नाही. म्हणजे अजिबात नाही. काही लोक सर्रास वापरतात म्हणून नीट लिहितो.

सल्फास वगैरे नावांनी ओळखली जाते ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. गोदामात, हवाबंद ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरायची ती चीज आहे. फॉस्फीनवर उतारा नाही. बंद खोलीत, जिथं माणसं झोपतात तिथं धान्याला ही गोळी लावली आणि घरातली माणसं गेली, अशा बातम्या अधूनमधून येतात. दुकानदारानं सुटी दिली तरी घेऊ नका.

बोरिक पावडर धान्यात कालवणंही बंद करा. धुतल्यावर जाते असं म्हणतात, पण ज्वारी दळायला टाकताना धुतं कोण?

घरच्यासाठी काकूंनी सांगितलेलं पुरेसं आहे. त्यात भर एकच: हवाबंद पिशव्या मिळतात, पोत्याच्या आत घालायच्या जाड प्लास्टिकच्या. धान्य खडखडीत वाळलेलं असेल तर आतला प्राणवायू संपला की कीड आपोआप मरते. ओलसर धान्य मात्र त्यात कुजतं. फ्लॅटच्या माळ्यावर कोठी चढवण्यापेक्षा २५-२५ किलोच्या पिशव्या सोयीच्या. एक फोडली तरी बाकीच्या बंद राहतात.

हळकुंड (वसमत)

तिखट-हळदीचं कुणी काढलंच नाही! हळद मार्च ते मेमध्ये येते. आमच्या वसमतच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि हिंगोलीला हळदीचं मोठं मार्केट आहे. पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या आणि समोर दळून आणा. चौघांच्या घराला वर्षाला दीड-दोन किलो रग्गड झाली. पिवळीजर्द चकाकणारी पूड बघून भुलायचं काम नाही.

मिरचीला धर्माबाद. एप्रिलात लाल मिरची घ्यायची, दोन उन्हं द्यायची, देठं खुडायची आणि कांडपावर नेऊन द्यायची. रंगाला वेगळी, झोंब्याला वेगळी, मिसळून. बरणीत हिंगाचे खडे टाकले की वर्षभर जाळी धरत नाही. काळं तिखट, येसर घरी करायला एक दिवस जातो, पण कंपनीच्या पन्नास ग्रॅमच्या मसाल्याचा किलोचा दर एकदा काढून बघा, मग तो दिवस कारणी लागला असं वाटेल. कुरडया-पापड्यांबद्दल मी बोलत नाही. त्या पैसे वाचवायला कुणी करत नसतं, चार बायका जमाव्यात म्हणून करतात.

पाणी_आलं (परंडा)

थोडं उलटं लिहिते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी घरात शिरलं. वर्षाची ज्वारी खालच्या खोलीत होती. पाणी ओसरेपर्यंत खालच्या पोत्यांना मोड आले आणि वरच्यांना वास धरला. जनावरांपुढं टाकायच्या लायकीचंही राहिलं नाही. वर्षाचा पैसा एका रात्रीत गेला. महिन्याचा किराणा आणणाऱ्या शेजारणीचं दहा दिवसांचं सामान गेलं फक्त.

साठवण करू नका असं म्हणत नाही, आम्ही याही वर्षी करणार. पण सगळं एकाच जागी नको. आता निम्मं माळवदावरच्या खोलीत आणि निम्मं वरच्या आळीत दिराकडं ठेवणार आहोत. नदीकाठच्या आणि सखल भागातल्या लोकांनी "स्वस्त पडतं" एवढ्यावर जाऊ नये.

कोठीघर (अंबाजोगाई)

हे लिहिलंस ते फार बरं केलंस, बाई.

उदगीरची_पोर (हडपसर, पुणे)

पुण्यातल्या आपल्या लोकांसाठी: गावाकडून एकेक पोतं ट्रॅव्हल्सवर टाकून आणलं की भाडं, हमाली, परत स्टँडवरून रिक्षा, यातच फायदा जातो. आम्ही सोसायटीतली मराठवाड्याकडची घरं मिळून एक छोटा टेम्पो ठरवतो. ज्वारी, डाळ, गूळ, शेंगा, सगळं एका खेपेत. भाडं वजनावर वाटून घेतो, नगावर नाही. यावरून पहिल्या वर्षी भांडणं झालीत.

आणि एक सावधगिरी. महिन्याला पैसे भरा आणि दिवाळीला सामान घ्या, असल्या भिशीत आमच्या ओळखीच्या बायकांचे पैसे बुडाले. दुकान ऐन दिवाळीत बंद. आपले आपण बँकेत टाका, आवर्ती ठेव कशाला असते?

पिंपळपान (नांदेड)

माझा खरा प्रश्न वेगळाय. मार्चात एकदम पंधरा-वीस हजार आणायचे कुठून? ज्यांच्याकडं आहेत त्यांना साठवण स्वस्त. आमच्याकडं पगार वीस तारखेलाच संपतो. बचत गटातून काढून भरावं का?

आडतीवरचा_माणूस (लातूर)

व्याज विचारून बघा. महिन्याला शेकडा एक असेल तर विचार करा. शेकडा दोन असेल तर नको. समजा डाळ फेब्रुवारीत शंभरनं घेतली आणि ऑक्टोबरात एकशे सोळा झाली. आठ महिन्यांचं शेकडा दोननं व्याज सोळाच होतं. सगळी कमाई व्याजात, आणि किडीची जोखीम तुमची. भाव नाही चढला तर घरातून घाटा. क्रेडिट कार्डाचं तर नावच काढू नका, तिथं दर त्याहूनही चढा असतो.

एकदम नाही जमत तर सगळं एकदम घेऊ नका. ज्वारी आधी, कारण ती दुकानात पुढं सुटी चांगली मिळत नाही. डाळ तिमाहीला. गहू शेवटी, त्याचा भाव त्या मानानं कमी हलतो.

मपलं_मत (गेवराई)

पिंपळपान, केशरी कार्ड हाय का तुमचं? मराठवाड्याच्या आठी जिल्ह्यातल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबायला २०२३ पसून धान्याच्या बदल्यात खात्यावर पैशे येतेत. आधी माणशी महिना दीडशे व्हते, मंग एकशे सत्तर झाले. पाच माणसाचे साडेआठशे व्हतेत. आमच्या घरी त्या खात्याला हातच लावत नाईत, पाडव्याला जेवढे जमले तेवढ्याची ज्वारी. ज्यायला रेशनचं धान्य फुकट मिळतं त्यायनी गहू-तांदूळ भरूच नये, पैसा ज्वारी-डाळीत घालावा.

पिंपळपान (नांदेड)

कार्ड केशरी आहे, पण सातबारा काकांच्या नावावर. बघते काय करता येतं ते. धन्यवाद भाऊ.

शेवग्याची_शेंग (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं, सासूबाई "मिलो"वर थांबल्या आणि मग अर्धा तास त्यांचंच चाललं.

आमचं असं ठरतंय: ज्वारी दीड क्विंटल जिंतूरहून, सासूबाईंच्या भावाच्या शेतातली, पण बाजारभावानं, नात्यात फुकट नको. तूरडाळीचा एक कट्टा, समोरच्या आणि खालच्या वहिनींबरोबर वाटून. हळकुंडं मार्चात, मिरची-तिखट एप्रिलात. गहू आणि तांदूळ महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून, सुटे. साबण-पावडर-टूथपेस्टचं खातं नवऱ्याकडं. तिथं त्यांनी हवी तेवढी कूपनं लढवावीत, फक्त यादी मी देणार आणि यादीबाहेरचं काही आलं तर ते त्यांच्या खिशातून. यावर घरात अजून वाटाघाटी चालू आहेत.

एकच राहिलं. आडतवाले दादा, डाळीचा कट्टा घेताना बघायचं काय? आम्हाला मिलवाला वरवर एकच मूठ दाखवणार.

आडतीवरचा_माणूस (लातूर)

वरची मूठ बघूच नका. कट्ट्याच्या मधोमध खुपसून काढायला सांगा, त्याच्याकडं पोत्यात घालायची टोकदार नळी असते, आम्ही बंबू म्हणतो. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा. चुरी किती, टरफल किती, काळा दाणा किती, ते डोळ्यांनी दिसतं. तळहातावर चोळा. हाताला पिवळा रंग किंवा तेलकटपणा लागला तर सोडून द्या. लाखेची डाळ मिसळलेली असेल तर दाणा चपटा आणि कडेनं तिरपा दिसतो, तुरीचा गोलसर असतो. अर्धा किलो नमुना घरी न्या, शिजवा, मग कट्टा सांगा. ओळखीचा मिलवाला नमुन्याला नाही म्हणत नाही.

आणि वजन कट्टा शिवायच्या आधी करून घ्या, पावती घ्या.

शेवग्याची_शेंग (छत्रपती संभाजीनगर)

शनिवारी जातोय. नमुना शिजला की कशी निघाली ते इथंच लिहिते.